एका कुत्र्यापुरता निर्णय

भाद्रपद हा कुत्र्यांच्या माजाचा महिना, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. त्यामुळे दिवाळीच्या आसपास आणि पुढे थंडीभर गल्लोगल्ली पिल्लं दिसू लागतात. बांधकामाच्या वाळूच्या ढिगात, बंद पडलेल्या रिक्षाखाली, सोसायटीच्या मीटररूममध्ये, एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला. मग फोनवर फोटो फिरू लागतात. चार पिल्लं आहेत, आई गाडीखाली गेली, संध्याकाळपर्यंत कुणी नेली नाहीत तर कठीण आहे, कृपया पुढे पाठवा. घरातली मुलं हट्ट धरतात, आजी नको म्हणते, आणि ज्या गोष्टीचा आपण कधी नीट विचार केलेला नसतो तिचा निकाल दोन तासांत लावायची वेळ येते.

अशा वेळी घरोघरी दोनच उत्तरं ऐकू येतात. एक, ‘आणू या आत्ता, पुढचं पुढे बघू.’ दुसरं, ‘वाईट वाटतं, पण आपल्याला कुठे झेपणार!’ मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. पहिल्याने आपला कळवळा शमतो, दुसऱ्याने आपला त्रास टळतो. त्या जिवाचं पुढे काय होईल हा विचार दोन्हीत नाही. माझं म्हणणं असं आहे की, कुत्रं दत्तक घ्यावं की नाही हा प्रश्न भटक्या कुत्र्यांच्या मोठ्या प्रश्नापासून सोडवून घ्यावा आणि एका ठरावीक कुत्र्यापुरता, एका ठरावीक घरापुरता बघावा. या दोघांचं पुढची बारा-पंधरा वर्षं जमेल का? जमणार असेल तर बेलाशक घ्यावं. जमणार नसेल तर स्पष्ट नाही म्हणावं, आणि त्या नकाराची लाज बाळगू नये.

आधी मोठ्या प्रश्नाचं बोलू, कारण दत्तक घेण्यामागे पुष्कळदा त्याचंच ओझं असतं. २०१९च्या पशुगणनेत देशात भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे १ कोटी ५३ लाख भरली. त्यातली पावणेतेरा लाखांच्या आसपास एकट्या महाराष्ट्रात होती. एवढ्या कुत्र्यांना घरं मिळतील असं कुणी म्हणू लागलं तर ते खोटं आहे. शिवाय एका वस्तीतून दोन पिल्लं कुणी घरी नेली, तरी त्या पिल्लांची आई मागे राहते आणि नसबंदी झालेली नसली तर तिला पुन्हा पिल्लं होतात. रस्त्यावरची संख्या दत्तकाने कमी होत नाही. ती कमी होते नसबंदीने, आणि तीही एखाद्या भागातल्या सत्तर टक्क्यांच्या आसपास कुत्र्यांची नेटाने, वर्षानुवर्षं केली तर.

मारून टाकण्याचा उपाय आपण करून पाहिलेला आहे. इंग्रजांच्या काळात मुंबईत कुत्री मारण्याच्या हुकमावरून १८३२ साली दंगल झाली. पारशी समाज त्यात पुढे होता. पुढेही दीर्घकाळ, अगदी विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत, मुंबई महापालिका कुत्री पकडून विजेचा धक्का देऊन मारत होती. तरीही मुंबईच्या रस्त्यांवरची कुत्री संपली नाहीत, कारण उकिरडे तसेच होते आणि उरलेल्या कुत्र्यांची वीण चालू होती. त्यानंतर नसबंदी आणि लसीकरणाची वाट धरली गेली. २००१ साली त्याचे देशपातळीवरचे नियम आले, २०२३ साली ते नव्याने आले. कुत्रं पकडायचं, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची, ओळखीसाठी कानाला खाच पाडायची आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं, हे त्या नियमांचं सूत्र आहे. लसीकरण मनावर घेतलं तर काय होतं हे गोव्याने दाखवलं. तिथे सरकारने ‘मिशन रेबीज’ या संस्थेच्या मदतीने गावोगाव कुत्र्यांना लस टोचली, शाळांतून मुलांना शिकवलं, आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाला.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की भटक्या कुत्र्यांचा प्रश्न महापालिकांनी, नगरपालिकांनी आणि नागरिकांनी मिळून सोडवायचा आहे. तो तुमच्या दिवाणखान्यात सुटणार नाही. त्यामुळे ‘एवढी कुत्री रस्त्यावर मरताहेत आणि मी एकही घरी आणत नाही’ या अपराधी भावनेतून कुणी निर्णय घेऊ नये. त्या भावनेने आणलेलं कुत्रं काही महिन्यांत घराला जड वाटू लागतं, कारण आपण आणलं होतं ते आपल्या मनाचं समाधान. त्या समाधानाला रोज दोनदा फिरायला न्यावं लागेल याचा हिशेब केलेला नव्हता.

मग दत्तक घेण्याला अर्थ काय? संख्येच्या हिशेबात फारसा नाही. त्या एका जिवाच्या हिशेबात सगळाच. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास गेली कित्येक वर्षं करत आहेत. त्यांनी पश्चिम बंगालमध्ये रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लांवर जन्मापासून लक्ष ठेवलं, तेव्हा वयात येईपर्यंत जगलेली पिल्लं १९ टक्क्यांच्या आसपासच निघाली. म्हणजे पाचांतलं जेमतेम एक. गेलेल्यांतली निम्म्याहून अधिक माणसामुळे गेली : गाडीखाली, विषाने, मारहाणीने, किंवा कुणीतरी उचलून नेल्याने. याच अभ्यासकांच्या दुसऱ्या एका प्रयोगात असं दिसलं की, अनोळखी माणसावर विश्वास ठेवायला शिकताना रस्त्यावरच्या कुत्र्यांना पुन्हा पुन्हा दिलेल्या खाऊपेक्षा पुन्हा पुन्हा फिरवलेला हात अधिक उपयोगी पडतो. ज्या प्राण्याला माणसाचं प्रेम इतकं कळतं आणि ज्याच्या पाच पिल्लांतली चार मरतात, त्यातल्या एकाला घर देणं ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. संख्येचं कारण पुढे करून तिची किंमत कमी करणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

पण इथेच पहिला नीट विचारायचा प्रश्न येतो : कोणतं कुत्रं? दत्तक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पिल्लूच येतं. पिल्लू लहानपणापासून आपल्या हाताखाली वाढतं हे खरं. कुत्र्याच्या आयुष्यात तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो. त्या काळात जे आवाज, जी माणसं, जे वास परिचयाचे होतात त्यांची भीती पुढे वाटत नाही. पण याच काळात त्याला आई-भावंडांचीही गरज असते. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू चावण्याचा जोर किती ठेवायचा हे शिकत नाही. ते शिक्षण भावंडांशी मस्ती करतानाच होतं. आई जिवंत असेल तर ‘सुटका’ म्हणून चार आठवड्यांचं पिल्लू उचलून आणणं ही सुटका नाही. शिवाय पिल्लाला दिवसातून चार वेळा खायला लागतं, दर दोन-तीन तासांनी शी-शूला न्यावं लागतं, रात्री उठावं लागतं. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे रोग पिल्लांना पटापट गाठतात. नवरा-बायको सकाळी नऊला बाहेर पडून रात्री आठला परतत असतील, तर दोन महिन्यांचं पिल्लू त्या घरासाठी नाही, ते कितीही गोजिरवाणं असलं तरी.

त्याच घरी दिवसा मध्ये कुणी येऊन सोबत करणार असेल, तर त्या घराला तीन-चार वर्षांचं शांत कुत्रं कदाचित छान मानवेल. मोठ्या कुत्र्याचा आकार कळलेला असतो, स्वभाव कळलेला असतो, मुलांशी आणि मांजरांशी कसं वागतं हे शेल्टरमधल्या माणसांना माहीत असतं. तरी आपल्याकडे शेल्टरमधली मोठी कुत्री तशीच पडून राहतात, आणि पिल्लांसाठी मात्र फोन येतात. त्यात एखादा पाय गमावलेली, एका डोळ्याने अंध झालेली कुत्रीही असतात. त्यांना लोक नाकारतात, पण तीन पायांचं कुत्रं घरात अगदी मजेत राहतं. आपल्या पायांची संख्या त्याला आठवत बसत नाही. हौसेने विकत आणून मग सोडून दिलेली जातिवंत कुत्रीही असतात. मुंबईच्या दमट उकाड्यात हस्की किंवा सेंट बर्नार्ड पाळणं हा मुळातच त्या प्राण्यावर अन्याय. वर्षभरात घरभर केस आणि विजेचं बिल बघून मालक दमतो आणि ते कुत्रं महामार्गाच्या कडेला सापडतं. कुत्रं हवंच असेल तर विकत घेण्याआधी या सगळ्यांचा विचार करा, एवढी विनंती मी प्रत्येकाला करते.

आणि एक गोष्ट प्राणिप्रेमींना आवडत नाही, पण बोलली पाहिजे. रस्त्यावरचं प्रत्येक कुत्रं बेघर नसतं. चहाच्या टपरीशेजारी सहा वर्षं राहिलेला, ठरलेल्या हद्दीत ठरलेल्या सोबत्यांबरोबर फिरणारा, इस्त्रीवाल्याकडून बिस्किट आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडून दूधभात खाणारा, नसबंदी झालेला, लस घेतलेला कुत्रा हा त्या गल्लीचा रहिवासी आहे. त्याला उचलून सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं, दिवसातून दोनदा पट्टा बांधून खाली उतरवलं, तर आपण त्याला काय दिलं आणि त्याच्याकडून काय घेतलं याचा हिशेब प्रामाणिकपणे करावा. आजारी, जखमी, अगदी म्हातारं झालेलं, किंवा ज्याला त्या गल्लीत आता मार पडतो असं कुत्रं असेल तर गोष्ट निराळी. बाकीच्यांना अन्न, लस आणि शांतता हवी असते. खेड्यात कुत्रं कुणा एकाचं नसतं, आळीचं असतं. ही रीत शहरातही टिकवता येते.

दुसरा प्रश्न घराचा. इथे बहुतेक चर्चा जागेवर होते : फ्लॅट केवढा, बाल्कनी आहे का, बंगला आहे का. काही संस्था दत्तक देताना हेच आधी विचारतात. मला हा निकष चुकीचा वाटतो. एका खोलीत राहणाऱ्या वॉचमनच्या कुटुंबात, भाजीच्या गाड्याशेजारी, गॅरेजमध्ये कुत्री निरोगी आणि आनंदात राहिलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तीन बेडरूमच्या घरात दिवसभर एकटं राहून सोफा फाडणारी कुत्रीही पाहिली आहेत. फरक चौरस फुटांचा नाही. दिवसभरात कुणी माणूस जवळ असतं की नाही, याचा आहे. कुत्रं हा कळपाचा प्राणी. त्याला एकटं राहायला हळूहळू शिकवता येतं, पण रोज अकरा तासांचा एकांत ही सवय नव्हे, शिक्षा आहे.

म्हणून घराने स्वतःला विचारायचा खरा प्रश्न असा : हे काम नेमकं कुणाचे हात करणार? हट्ट मुलं धरतात, होकार वडील देतात, आणि पहाटे साडेपाचला भर पावसात पट्टा हातात घेऊन खाली उतरते ती आई. ओल्या पंजांची फरशी तीच पुसते, चिकन तीच उकडते, गोचिड तीच काढते, आणि कुत्रं आजारी पडलं की रजाही तीच टाकते. मराठी मध्यमवर्गीय घरांत हे इतकं सर्रास घडतं की, त्या बाईने आधीच ‘नको’ म्हटलं तर तिला निष्ठुर ठरवलं जातं. ती निष्ठुर नसते; घरातल्या कामाची वाटणी कशी होते हे तिला अनुभवाने माहीत असतं. ज्या घरात ही कामं कोण करणार याची स्पष्ट वाटणी आधी होत नाही, तिथे तिच्या नकाराला मी मत देईन. बारा वर्षांच्या मुलावर कुत्र्याची जबाबदारी टाकून त्याला ‘जबाबदारी शिकवणं’ हाही एक भ्रम आहे. मूल दहावीला गेलं, क्लास सुरू झाले, पुढे शिकायला परगावी गेलं, की कुत्रं कुणाचं? मुलांनी मदत जरूर करावी. पण कुत्रं मोठ्यांनीच मोठ्यांसाठी म्हणून घ्यावं.

आता बारा-पंधरा वर्षांचं म्हणजे काय ते वयाच्या हिशेबाने मांडून पाहा. आज पुण्यात भाड्याच्या खोलीत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाचं पुढच्या पाच वर्षांत गाव, घर, नोकरी, कदाचित लग्न, सगळं बदलणार असतं. घरमालक बदलला की पहिली अट कुत्र्याचीच निघते. मुलं अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात आणि आई-वडील इथे एकटे, अशा घरांत ‘सोबत होईल’ म्हणून मुलं कुत्रं आणून देतात. सोबत होतेच, आणि म्हातारपणी ती मोठी असते, यात शंका नाही. पण सत्तरीतल्या माणसाला तरण्याताठ्या कुत्र्याने ओढून पाडलं तर मांडीचं हाड मोडू शकतं, आणि पुढे ते कुत्रं मागे उरलं तर त्याला कोण नेणार हे आधी ठरलेलं असायला हवं. अशा घराने सात-आठ वर्षांचं, शांत, मध्यम आकाराचं कुत्रं घ्यावं आणि मागे त्याला सांभाळणाऱ्या माणसाचं नाव आजच नक्की करावं. हे अभद्र बोलणं नाही. इच्छापत्र करताना आपण हेच करतो.

पैशाचा विचारही मोकळेपणाने करावा. खाणं, दरवर्षीची लस, जंताचं औषध, गोचिड-पिसवांचं औषध, महापालिकेचा परवाना, गावाला जाताना ठेवण्याचा खर्च, ही नेहमीची बाब झाली. खरा घाव आजारपणाचा असतो. गोचिडतापाने रक्त घटलं, अपघातात हाड मोडलं, म्हातारपणी मूत्रपिंड बिघडलं, की बिल एकदम वर जातं, आणि माणसासारखा विमा बहुतेकांनी काढलेला नसतो. मुंबईत परळचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय १८८३ पासून प्राण्यांवर उपचार करतं आहे, पण प्रत्येक तालुक्याला असं रुग्णालय नाही. आपल्या गावात रात्री दोन वाजता येणारा पशुवैद्य कोण, हे कुत्रं आणण्याआधी शोधावं. प्रवासाचंही तसंच. रेल्वेने कुत्रं न्यायचं तर पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे आरक्षित करावा लागतो, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यात ठेवावं लागतं. ज्यांचं अर्धं आयुष्य लग्नकार्यांच्या निमित्ताने पुणे-नागपूर करण्यात जातं, त्यांनी हे गणित मांडूनच पुढे जावं.

भीतीचा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो खोटा नाही. २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना सरकारदरबारी नोंदल्या गेल्या. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की तो जवळजवळ निश्चित मृत्यू असतो. आजी ‘नको’ म्हणते तेव्हा तिने आपल्या गावात कुणाला तरी त्या रोगाने जाताना पाहिलेलं असू शकतं. तिची चेष्टा करू नये. पण तिला पुढचंही सांगावं : तीन महिन्यांचं झाल्यावर लस, मग ठरल्याप्रमाणे पुढचा डोस आणि दरवर्षी पुन्हा लस, एवढं पाळलं तर घरातल्या कुत्र्यापासून रेबीजचा धोका जवळपास उरत नाही. कुठल्याही कुत्र्याने दात लावला, अगदी घरातल्याही, तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन लसीचा क्रम सुरू करायचा. हळद-तिखट भरायचं नाही. पाच वर्षांखालचं मूल आणि कुत्रं, कितीही गरीब असलं तरी, एका खोलीत दोघंच सोडायची नाहीत. जेवताना, झोपताना कुत्र्याला छेडायचं नाही. हे नियम घरातल्या सगळ्यांना मान्य नसतील तर त्या घरात कुत्रं आणणं धोक्याचं आहे, कुत्र्यासाठीसुद्धा. कारण पहिल्या चाव्यानंतर बाहेर जातं ते तेच.

सोसायटीबद्दल लोकांच्या मनात बरेच गैरसमज असतात. पाळीव प्राणी ठेवायला सरसकट बंदी घालण्याचा अधिकार सोसायटीला नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने मार्गदर्शक सूचनांतून स्पष्ट केलेलं आहे. लिफ्ट वापरू न देणंही त्यात बसत नाही. पण हक्काचा कागद दाखवून शेजार मिळत नाही. आपल्या कुत्र्याची विष्ठा आपण उचलायची, जिन्यात पट्टा सोडायचा नाही, घाबरणाऱ्या शेजाऱ्याला लिफ्टमधून आधी जाऊ द्यायचं, एवढं केलं की निम्मे वाद उद्‌भवतच नाहीत.

समजा, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मनासारखी आली. तरीही पहिल्या काही महिन्यांची तयारी हवी. दत्तक देणारी माणसं नेहमी सांगतात : तीन दिवस घाबरण्याचे, तीन आठवडे रुळण्याचे, तीन महिने आपलं घर ओळखण्याचे. हा काही शास्त्रीय नियम नाही, पण अनुभवाचा आहे. पहिले दिवस ते पलंगाखालून बाहेर येणार नाही, खाणार नाही, घरात शू करेल, रात्री रडेल, झाडूला किंवा काठीला बघून थरथरेल. आपण त्याला इतकं प्रेम देतोय आणि ते कृतज्ञ का नाही, असं नव्या पालकांना वाटतं. कृतज्ञतेची अपेक्षा ठेवून कुत्रं आणलं तर निराशा ठरलेली. त्याला फक्त आपलं जग पुन्हा बदललं एवढं कळत असतं. विश्वास येतो, पण त्याच्या वेळाने.

याच महिन्यांत काही कुत्री परत केली जातात. मला सगळ्यात जास्त काळजी या परतीची वाटते. एकदा घर मिळून ते सुटलेलं कुत्रं पुढच्या घरात अधिक बिथरलेलं जातं आणि त्याला तिसरं घर मिळणं अवघड होतं. काही जण तर परतही करत नाहीत, दूरच्या रस्त्यावर सोडून येतात. प्राण्याला उपाशी-तहानेलं मरायला टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. वडापावच्या किमतीतला हा कायदा कुणाला रोखणार? सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात प्राणिप्रेमींना रस्त्यावरची कुत्री दत्तक घेण्यासाठी पालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली, आणि त्याबरोबर एक अट घातली : दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. त्या सुनावणीतल्या बाकी आदेशांवर वाद होऊ शकतात, आणि झालेही. या अटीवर मात्र वाद असू नये. दत्तक घेण्याचा सगळा अर्थ तिच्यात आहे.

आपल्या परंपरेतही हेच आहे. नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले ही कथा आपण कळवळ्याची म्हणून सांगतो. पण महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराची कथा आहे, ती मला याहून मोलाची वाटते. त्याने ते कुत्रं कुठून उचलून आणलेलं नव्हतं. ते त्याच्या मागोमाग आलं होतं. स्वर्गाच्या दारात त्याला सोडून ये असं सांगितल्यावर त्याने नकार दिला, आणि जो आपल्या आश्रयाला आला त्याला टाकणार नाही असं म्हटलं. ही कसोटी आणण्याची नाही, न टाकण्याची आहे. आणायला एक संध्याकाळ पुरते. न टाकणं हे पंधरा वर्षांचं काम आहे, आणि त्यात नोकरी जाते, घर बदलतं, बाळ येतं, कुत्रं म्हातारं होऊन अंथरुणात शू करू लागतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : इतका विचार केला तर कुणीच दत्तक घेणार नाही, आणि कुत्री रस्त्यावरच मरतील. आक्षेप मनापासूनचा आहे, रात्रंदिवस जखमी कुत्री उचलणाऱ्यांच्या तोंडून तो येतो, म्हणून त्याला उत्तर द्यायलाच हवं. विचार करून जे ‘हो’ म्हणतात त्यांची कुत्री टिकतात, आणि टिकलेलं एक कुत्रं बघून शेजारची दोन घरं तयार होतात. घाईने दिलेली आणि परत आलेली कुत्री उलटा प्रचार करतात : ‘आम्ही आणलं होतं, फार त्रास झाला.’ शिवाय संपूर्ण होकार आणि संपूर्ण नकार यांच्यामध्ये एक चांगली वाट आहे, ती म्हणजे फॉस्टर. दोन-तीन महिने कुत्रं घरी ठेवायचं, खर्च आणि मार्गदर्शन संस्थेचं, आणि कायमचं घर मिळालं की द्यायचं. त्या कुत्र्याला शेल्टरमधल्या गोंगाटातून आणि रोगांतून सुटका मिळते, संस्थेला जागा मिळते, आणि आपल्या घराला आपलं खरं मत कळतं. ज्यांचं मन अजून दोलायमान आहे त्यांनी आधी हेच करावं. निर्णय घेण्याची याहून प्रामाणिक पद्धत मला ठाऊक नाही.

म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं असं. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने स्वतःच्या तोंडाने होकार दिला आहे, पहाटेचं आणि रात्रीचं काम कुणाचं हे नावानिशी ठरलं आहे, दिवसाचा बराच वेळ कुणीतरी घरी असतं, अचानक येणाऱ्या आजारपणासाठी पैसे बाजूला आहेत, आणि आपल्याला काही झालं तर त्याला कोण नेईल हे त्या माणसाला विचारून झालं आहे, अशी स्थिती असेल तर यापुढे चालढकल करू नका. शेल्टरमध्ये जा, पिल्लांच्या खोलीआधी मोठ्या कुत्र्यांकडे जा, दोन-तीन वेळा जा, एकाला बरोबर फिरवून बघा, आणि घरी आणा. यातली एक जरी गोष्ट नसेल तर आज नाही म्हणा. पण नाही म्हणून हात झटकू नका. तुमच्या गल्लीत जी कुत्री आहे, तिच्या कानाला खाच आहे का बघा. नसेल तर पालिकेला किंवा जवळच्या संस्थेला फोन करून तिची नसबंदी आणि लस करून घ्या, आणि शस्त्रक्रियेनंतर ती त्याच गल्लीत परत आली आहे ना, याची खात्री करा. खायला घालत असाल तर मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि जिन्यापासून दूर, ठरलेल्या वेळी घाला आणि उरलेलं उचला. एका कुत्रीची नसबंदी केली तर पुढच्या हिवाळ्यात मरणारी पाच-सहा पिल्लं जन्मालाच येत नाहीत. घरात कुत्रं न आणताही एवढं काम कुणालाही करता येतं, आणि ते दत्तक घेण्याइतकंच मोलाचं आहे.